घटक ६ : उत्तराची मांडणी आणि सर्वांत मोठे केवलमूल्य

६.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण चल, यादी आणि आवर्तन या तीन संकल्पनांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात दोन कामांचा विचार करावयाचा आहे. दोन्ही कामे वरवर पाहता किरकोळ वाटतील. पहिले काम म्हणजे संगणकाने काढलेले उत्तर वाचकापुढे मांडणे. व्यवहारात आपण त्याला आउटपुट म्हणतो. दुसरे काम म्हणजे धन आणि ऋण अशा दोन्ही प्रकारच्या संख्यांच्या यादीतून आकाराने सर्वांत मोठी संख्या शोधणे. अनुभव असा, की गणनेतील अवघड सूत्रे बिनचूक लिहिणारा मनुष्य याच दोन ठिकाणी घसरतो. त्याचे उत्तर आतून बरोबर असते. पण वाचकाच्या हाती पडते ते चुकीचे असते.

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात हा घटक कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तुमच्यापैकी काहीजण उद्या वृत्तपत्रात काम करतील, काही सहकारी संस्थेत किंवा पंचायत समितीत असतील, काहींच्या घरी शेती आहे. या प्रत्येक ठिकाणी आकडा शेवटी एका वाक्यात बसवला जातो, आणि वाक्य ही भाषेची बाब आहे. म्हणून या घटकातील उदाहरणे आपण बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या पाण्यातून घेणार आहोत. तेथे एका उणे चिन्हाला फार किंमत आहे.

६.२ उजनीचे उणे

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात भीमा नदीवर उजनी धरण आहे. त्याचे पाणी मात्र मागे पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्याच्या कडेने, पळसदेव आणि भिगवणपर्यंत पसरते. या फुगवट्याच्या काठावर अनेक गावांची ऊसशेती उभी आहे. शेतकरी काठावर विद्युत मोटारी बसवतात आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरकू लागले, की मोटारी, पाइप आणि केबल घेऊन पाण्यामागे चालू लागतात. पाणी फारच ओसरले की पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडते. ते पाहायला लोक गर्दी करतात. काठावरच्या शेतकऱ्याला मात्र ते दिसू नये असेच वाटत असते.

धरणाच्या साठ्याचे दोन भाग केले जातात. तळाकडचा भाग मृत साठा आणि त्यावरचा भाग उपयुक्त साठा. उजनीचा मृत साठा सुमारे ६३.६६ टीएमसी आणि उपयुक्त साठा सुमारे ५३.५७ टीएमसी धरला जातो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. वृत्तपत्रातील टक्केवारी ही उपयुक्त साठ्याची असते. पाणी मृत साठ्याच्या रेषेला टेकले की टक्केवारी शून्य होते. त्याखालीही पाणी उपसले जाते, आणि मग टक्केवारी शून्याच्या खाली जाते. २०२४ च्या उन्हाळ्याअखेरीस ती उणे ६० टक्क्यांच्या जवळ पोहोचली होती. त्याच पावसाळ्यात धरण १०० टक्क्यांच्या पुढे भरले.

आता हिशेब करू. ५३.५७ चे ६० टक्के म्हणजे ३२.१४. उणे ६० टक्के असताना धरणातील एकूण पाणी ६३.६६ मधून ३२.१४ वजा करून मिळते : ३१.५२ टीएमसी. अधिक ६० टक्के असताना ते ६३.६६ अधिक ३२.१४, म्हणजे ९५.८० टीएमसी. दोन्हींचे केवलमूल्य एकच, ६०. पण दोन्ही स्थितींतील पाण्याचा फरक ६४ टीएमसीहून अधिक भरतो, आणि तो उजनीच्या संपूर्ण उपयुक्त साठ्यापेक्षाही मोठा आहे. छपाईत, फलकावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर त्या आकड्यापुढची आडवी रेघ गळाली, तर वाचक एवढे पाणी नसताना आहे असे समजेल आणि त्या भरवशावर लागवडीचा निर्णय घेईल.

याच ठिकाणी मांडणीचा आणखी एक धडा मिळतो. ३१.५२ टीएमसी ही एकच स्थिती तीन प्रकारे सांगता येते. उपयुक्त साठ्याच्या मापाने ती उणे ६० टक्के आहे. मृत साठ्याच्या मापाने पाहिले तर त्यातील निम्म्याहून किंचित कमी, सुमारे ४९.५ टक्के, पाणी शिल्लक आहे. धरणाच्या एकूण ११७.२३ टीएमसी क्षमतेच्या मापाने साठा जवळपास २७ टक्के आहे. तिन्ही आकडे खरे आहेत. तरीही कोणत्या मापाचे टक्के हे न सांगता यांपैकी एक आकडा एकटा छापला, तर तो आकडा वाचकाची दिशाभूल करील. म्हणून आज्ञावलीत आकड्याबरोबर त्याचे नाव, एकक आणि आधार छापण्याची सवय प्रथमपासून लावून घ्यावी. ‘साठा : −६०.००’ असे लिहिणे अपुरे आहे. ‘उपयुक्त साठा (५३.५७ टीएमसीच्या तुलनेत) : −६०.०० टक्के’ असे लिहिल्यास ओळ लांबते, पण ती सरळ बोलते.

६.३ चिन्हाची मांडणी : थोडे भाषिक विषयांतर

‘उणे’ हा शब्द संस्कृतातील ‘ऊन’ या शब्दाशी नाते सांगतो. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द उच्चारताना आपण प्रत्येक वेळी एक वजाबाकी करत असतो : वीसला एक उणे, तीसला एक उणे. ही परंपरा एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णवला मोडते. ऋणसंख्येसाठी आपण वापरतो तो ‘ऋण’ शब्द कर्जाचाच आहे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण संख्यांचे नियम सांगितले, तेव्हा मालमत्ता आणि देणे हाच त्यामागचा व्यवहार होता.

चिन्ह कसे दाखवावे याबाबत मात्र एकमत नव्हते. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋणसंख्येच्या डोक्यावर एक बिंदू दिला जातो. बख्शाली हस्तलिखितात आजच्या अधिक चिन्हासारखी फुली ऋणसंख्येनंतर काढलेली आढळते. आपल्या सवयीने वाचू गेल्यास अर्थ नेमका उलटा लागेल. चिन्ह हे संकेताने ठरते; तो संकेत लेखक आणि वाचक या दोघांनाही ठाऊक असावा लागतो. डोक्यावरचा बिंदू नक्कल करताना सहज गळतो, तशीच आजची उणे रेघही गळते.

संगणकाच्या बाबतीत तर ती गळण्याच्या नव्या तऱ्हा आहेत. कळफलकावरील संयोगचिन्ह, छपाईतील लांब रेघ आणि गणितातील खरे उणे चिन्ह ही डोळ्यांना जवळपास सारखी दिसतात, पण संगणकासाठी ती तीन वेगळी अक्षरे आहेत. वृत्तपत्राच्या पानावरून उचलून चिकटवलेली संख्या वाचताना पायथन भाषा त्यामुळे अडते आणि चूक दाखवते. अडते हे बरेच. काही आज्ञावल्या अनोळखी अक्षर गाळून पुढे जातात, आणि उणे साठ मुकाट्याने साठ होतो. याउलट देवनागरी अंकांबाबत पायथन उदार आहे. ‘१२३’ असा मजकूर दिल्यास तो पूर्णांक म्हणून बिनतक्रार स्वीकारला जातो. उत्तर मात्र आंतरराष्ट्रीय अंकांत येते. देवनागरीत हवे असल्यास प्रत्येक अंक बदलण्याची पायरी आपण लिहावी लागते. लाख आणि कोटी यांचे स्वल्पविरामही आपोआप योग्य जागी पडत नाहीत, कारण बहुतेक भाषा तीन-तीन अंकांचे गट करतात.

६.४ किती दशांश, किती जागा

सरावासाठी एक यादी घेऊ. एका कल्पित धरणाच्या उपयुक्त साठ्यात आठ आठवड्यांत झालेला बदल, टक्केवारीच्या अंकांत, असा आहे :

−१.८५, −२.४०, −०.००३, +०.६०, −३.१०, +३.१०, +१.२५, −०.९०

ही यादी दोन दशांश स्थळांपर्यंत छापण्याची आज्ञा दिली, की तिसऱ्या आठवड्यापुढे ‘−०.००’ असे उमटते. वाचक गोंधळतो : शून्य उणे कसे? संगणकाच्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे. संख्या शून्याहून किंचित कमी होती. अंक कापले गेले आणि चिन्ह तेवढे उरले. येथे निर्णय तुमचा आहे. साठा घटत होता ही माहिती महत्त्वाची असेल तर तीन दशांश दाखवा. नसेल तर छापण्यापूर्वी अशी संख्या शून्य करून घ्या. काहीच न ठरवता ‘−०.००’ तसेच ठेवणे हा आळस आहे.

उलट टोकाची अडचणही पाहा. उणे ४१.२ मधून उणे ३८.१ वजा केले, तर कागदावर उत्तर उणे ३.१ येते. पायथनला तेच काम सांगून उत्तर जसेच्या तसे छापले, तर −३.१००००००००००००००१४ असे दिसते. याचे कारण असे, की ४१.२ किंवा ३८.१ या संख्या द्विमान पद्धतीत नेमक्या लिहिता येत नाहीत. अगदी जवळची संख्या साठवली जाते आणि वजाबाकीनंतर तो बारीक फरक उघडा पडतो. असे सोळा-सतरा अंक पाहून विद्यार्थ्यांना वाटते की उत्तर फार अचूक आहे. प्रत्यक्षात साठ्याचे मोजमाप दुसऱ्या दशांशापर्यंतच भरवशाचे असेल, तर पुढचे सारे अंक धूळ आहेत. मोजमापात जेवढे अंक विश्वासार्ह, तेवढेच मांडणीत दाखवावेत. गणना चालू असताना मात्र अंक कापू नयेत. कापायचे ते छापतानाच.

आता जागेचा प्रश्न. फॉरट्रान ही १९५७ पासून प्रचारात असलेली, आकडेमोडीसाठीच घडवलेली भाषा. तिच्यात संख्येसाठी किती अक्षरांची जागा राखायची हे आधी सांगता येते. पाच अक्षरे आणि त्यांत दोन दशांश अशी जागा ठेवली, तर ४१.२० ही संख्या नेमकी बसते : दोन अंक, एक बिंदू, दोन अंक. −४१.२० ला मात्र सहा अक्षरे लागतात. जागा अपुरी पडली की फॉरट्रान संख्या कापत नाही. ती त्या जागी पाच तारका छापते. म्हणजे अशी आज्ञावली हिवाळाभर सुरळीत चालेल आणि साठा उणे दहाच्या खाली जाताच, नेमका आकडा हवा असतानाच, पानभर तारका उमटवील. १०० टक्के भरलेल्या धरणालाही हाच अनुभव येईल, कारण १००.०० लिहायलाही सहा अक्षरे लागतात. तारका पाहून चिडू नये. चुकीचा आकडा छापण्यापेक्षा ‘मला जागा नाही’ असे सांगणे केव्हाही प्रामाणिक आहे. जागा ठरवताना मात्र सर्वांत लांब संख्येचा विचार करावा, आणि चिन्हासाठी एक घर नेहमी मोकळे सोडावे.

६.५ केवलमूल्य आणि आवर्तन

संख्येचे चिन्ह बाजूला ठेवून उरणारा आकार म्हणजे तिचे केवलमूल्य, हे तुम्ही शालेय गणितात शिकला आहात. संख्यारेषेवर ते शून्यापासूनचे अंतर असते. वरील यादीत सर्वांत मोठा बदल कोणता, असे विचारले तर ‘मोठा’ या शब्दाचा अर्थ आधी ठरवावा लागतो. चिन्हासह विचार केल्यास सर्वांत मोठी संख्या +३.१० आणि सर्वांत लहान −३.१०. चिन्ह सोडून विचार केल्यास दोन्ही समान. कार्यपद्धती अशी लिहिता येईल :

महत्तम = यादीतील पहिल्या संख्येचे केवलमूल्य
स्थान = १
क = २ पासून यादीच्या शेवटच्या क्रमांकापर्यंत आवर्तन करा :
  जर यादी(क) चे केवलमूल्य महत्तमपेक्षा मोठे असेल तर
    महत्तम = यादी(क) चे केवलमूल्य
    स्थान = क
दाखवा : स्थान, यादी(स्थान) चिन्हासह

ही पद्धती हाताने चालवून पाहा. महत्तम प्रथम १.८५ असते, दुसऱ्या पायरीला २.४० होते, तिसऱ्या व चौथ्या पायरीला बदलत नाही, पाचव्या पायरीला ३.१० होते. सहाव्या पायरीला पुन्हा ३.१० समोर येते, पण ‘पेक्षा मोठे’ ही अट पुरी होत नाही; म्हणून स्थान ५ च राहते. अट ‘मोठे किंवा समान’ अशी लिहिली असती तर स्थान ६ झाले असते. एका अक्षराच्या फरकाने अहवालात ‘सर्वांत मोठा बदल : घट’ ऐवजी ‘सर्वांत मोठा बदल : वाढ’ असे छापले जाईल. संख्यात्मक गणनेच्या प्रसिद्ध ब्लास संग्रहात हेच काम करणारी उपआज्ञावली आहे. ती पहिल्या स्थानाचा क्रमांक परत करते. पायथनमध्ये महत्तम शोधण्याच्या ‘मॅक्स’ आज्ञेला केवलमूल्याचा निकष दिला, तर तीही पहिलीच संख्या आणि तीही चिन्हासह देते. बरोबरी असेल तेव्हा दोन्ही स्थाने छापणे वाचकाच्या हिताचे आहे. आणि वर पाहिलेली धूळ आठवा : वजाबाकीतून आलेले दोन ३.१० शेवटच्या अंकात भिन्न असू शकतात, तेव्हा बरोबरी तपासताना थोडी सूट ठेवावी लागते.

‘आवर्तन’ हा शब्द बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. निरा डावा कालवा पुरंदरकडून बारामतीतून इंदापूरकडे जातो आणि त्याचे पाणी आवर्तनाने, पाळीपाळीने मिळते. कालव्याच्या मुखाजवळच्या शेतापासून शेपटाकडच्या शेतापर्यंत पाणी पोहोचले तरच आवर्तन पूर्ण झाले असे म्हणता येते. शेपटाकडच्या शेतकऱ्याची जुनी तक्रार याच संदर्भातली आहे. आज्ञावलीतील आवर्तनाचेही तसेच आहे. शेवटचा क्रमांक एकने चुकवला तर यादीतील अखेरची संख्या तपासलीच जात नाही, आणि नेमकी तीच सर्वांत मोठी असली तर कोणाला पत्ताही लागत नाही, कारण आज्ञावली कोणतीही चूक दाखवत नाही. ज्या भाषांत मोजणी शून्यापासून सुरू होते तेथे ही चूक फार होते.

सुरुवात कोठून करायची हाही प्रश्न आहे. पुष्कळजण ‘महत्तम = ०’ असे लिहून प्रारंभ करतात. केवलमूल्ये शून्याहून लहान नसतात, त्यामुळे आपल्या कामात हे खपून जाते. पण तीच आज्ञावली पुढे केवलमूल्याशिवाय, साध्या महत्तमासाठी वापरली तर? उजनीचा साठा संपूर्ण महिना उणे असेल, तर यादीतील एकही संख्या शून्याहून मोठी नसते. आज्ञावली सांगते, ‘महिन्यातील सर्वाधिक साठा : ० टक्के’. असा साठा त्या महिन्यात एकही दिवस नव्हता. यादीतील पहिल्याच संख्येने सुरुवात केल्यास हा दोष राहत नाही.

सी भाषा वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिच्यात पूर्णांकांसाठी आणि दशांश संख्यांसाठी केवलमूल्याची आज्ञा वेगवेगळी आहे. पूर्णांकांची आज्ञा चुकून दशांश संख्येला लावली तर −०.९० चे केवलमूल्य ० येते आणि −३.१० चे ३. आपल्या यादीतील आठ संख्यांचे मग १, २, ०, ०, ३, ३, १, ० होतात.

६.६ सर्वांत मोठे म्हणजे सर्वांत महत्त्वाचे का?

पावसाचे उदाहरण घेऊ. बारामती आणि इंदापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. भारतीय हवामान विभाग सरासरीपासूनच्या विचलनाची टक्केवारी काढतो. ती उणे १९ ते अधिक १९ असेल तर पाऊस सर्वसाधारण, उणे २० ते उणे ५९ असेल तर अपुरा, आणि उणे ६० ते उणे ९९ असेल तर फारच अपुरा मानला जातो. अजिबात पाऊस नसेल तर विचलन उणे १००. त्याखाली ते जाऊच शकत नाही. वरच्या बाजूला मात्र मर्यादा नाही.

आता एका कल्पित मंडळाचे आकडे पाहा. एप्रिलची सरासरी २० मिलिमीटर. एका वळवाने ६५ मिलिमीटर पाऊस दिला. विचलन +२२५ टक्के. ऑगस्टची सरासरी ९० मिलिमीटर, पडला १८. विचलन −८० टक्के. ‘केवलमूल्याने सर्वांत मोठे विचलन शोधा’ अशी आज्ञा दिली, तर उत्तर एप्रिल येते. आज्ञावलीत कोणतीही चूक नाही. पण ज्याची बाजरी ऑगस्टमध्ये वाळली त्याच्या दृष्टीने हा अहवाल निरर्थक आहे. तेच विचलन मिलिमीटरमध्ये मोजले तर एप्रिलचे +४५ आणि ऑगस्टचे −७२ येते, आणि महत्तम ऑगस्टकडे जाते. केवलमूल्य घेण्याआधी आपण कशाचे केवलमूल्य घेतो आहोत, हा प्रश्न विचारला पाहिजे. माझ्या मते या घटकातील हाच भाग विद्यार्थ्यांनी सर्वांत सावकाश वाचावा.

आणखी एक धोका. पर्जन्याच्या अनेक संचिकांत नोंद नसलेल्या दिवशी −९९९ लिहून ठेवतात. केवलमूल्याचे महत्तम शोधणारी आज्ञावली हीच संख्या सर्वांत आधी उचलते. त्यामुळे अशी खूण असलेल्या नोंदी आधी वगळाव्यात. याच गुणाचा उपयोगही करून घेता येतो : नवी यादी हाती आली की प्रथम केवलमूल्याचे महत्तम छापून पाहावे; ३.१० ऐवजी ३१० असे टंकले गेले असेल तर ते लगेच समोर येते.

६.७ समीकरणे सोडवताना

संख्यात्मक गणनेत केवलमूल्याच्या महत्तमाचे सर्वांत परिचित काम समीकरणे सोडवताना पडते. पुढील जोडी घ्या :

०.०००२क्ष + य = ३
क्ष + २य = ८

आपला संगणक फक्त तीन सार्थ अंक ठेवतो असे समजू. पहिल्या समीकरणाला ५००० ने गुणून ते दुसऱ्यातून वजा केले, तर य चा सहगुणक −४९९८ येतो. तीन अंकांत तो −५००० होतो. उजवी बाजू −१४९९२, तीन अंकांत −१५०००. म्हणून य = ३. ही किंमत पहिल्या समीकरणात ठेवली की क्ष = ० मिळतो.

आता समीकरणांचा क्रम बदला. प्रत्येक स्तंभात ज्या सहगुणकाचे केवलमूल्य सर्वांत मोठे, त्याची ओळ वर घ्यायची, असा नियम आहे. पहिल्या स्तंभात १ हा ०.०००२ पेक्षा मोठा, म्हणून दुसरे समीकरण वर येते. त्याला ०.०००२ ने गुणून वजा केल्यावर य चा सहगुणक ०.९९९६, तीन अंकांत १. उजवी बाजू २.९९८४, तीन अंकांत ३. य = ३ आणि क्ष = ८ − ६ = २. खरे उत्तर क्ष सुमारे २.०००८ आणि य सुमारे २.९९९६ आहे. समीकरणे तीच, संगणक तोच; एका वाटेने क्ष शून्य आला आणि दुसऱ्या वाटेने दोन. लहान संख्येने भागल्यामुळे गुणक प्रचंड झाला आणि त्याच्या ओझ्याखाली दुसऱ्या समीकरणातील २ आणि ८ हे आकडे पुसले गेले. स्तंभात −८ आणि ३ असते तर −८ निवडावा लागला असता. म्हणूनच येथे केवलमूल्य लागते.

खरे उत्तर माहीत नसताना चूक कशी ओळखावी? मिळालेल्या किंमती मूळ समीकरणांत ठेवून प्रत्येकाची शेष छापा. क्ष = ०, य = ३ साठी शेष ० आणि २ येतात; क्ष = २, य = ३ साठी −०.०००४ आणि ०. शेषांच्या केवलमूल्यांचे महत्तम पहिल्या वेळी २ आणि दुसऱ्या वेळी ०.०००४. हा एक आकडा उत्तराखाली नेहमी छापावा. शेष लहान असली म्हणजे उत्तर खात्रीने अचूक असते असे नाही, कारण काही समीकरणांचा स्वभावच नाजूक असतो; पण शेष मोठी असेल तर उत्तर निश्चित चुकले आहे. मात्र दुसऱ्या उत्तराची शेष दोन दशांशांत छापली तर पडद्यावर ‘−०.००’ दिसेल, म्हणून येथे मांडणी दशघातांत ठेवावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. उजनीचा उपयुक्त साठा उणे २५ टक्के असताना धरणात एकूण किती टीएमसी पाणी असेल? हीच स्थिती एकूण क्षमतेच्या टक्केवारीत मांडा आणि दोन्ही आकडे असलेली, वृत्तपत्रात छापता येईल अशी दोन वाक्ये लिहा.

२. ६.४ मधील यादीत सातव्या स्थानी −९९९ ही नोंद घाला. ६.५ मधील कार्यपद्धती कोणते स्थान देईल? ती नोंद वगळण्यासाठी अट कोठे लिहावी लागेल? पहिलीच नोंद −९९९ असल्यास तुमची अट पुरेशी ठरते का, ते हाताने चालवून पाहा.

३. तुमच्या गावाजवळच्या कोणत्याही धरणाच्या साठ्याचे सलग दहा दिवसांचे आकडे वृत्तपत्रातून उतरवून घ्या. टक्केवारी कोणत्या साठ्याची आहे हे बातमीत सांगितले आहे का, ते पाहा. रोजचा बदल काढा, केवलमूल्याने सर्वांत मोठा बदल कोणत्या दिवशी झाला ते चिन्हासह लिहा, आणि बातमीत दशांश किती दिले होते व तुमच्या उत्तरात किती आले, याची तुलना करा.